गोळी आणि पेज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी दादी क्षयरोगाला 'तपेदिक' म्हणत असे. ताप बारीकच, पण माणसाला बारीक करून सोडणारा. शाळेत गेल्यावर मराठीतला 'क्षय' भेटला, त्याचाही अर्थ झिजणं. पुराणात चंद्राला दक्षाचा शाप लागतो आणि तो कलेकलेने झिजत जातो, तो राजयक्ष्मा. आमच्या भंडाऱ्याकडे लोक एवढ्या खोलात न जाता सरळ 'वाळला' म्हणतात. आणि १९८०च्या दशकात युगांडातल्या राकाई जिल्ह्यात एक नवाच आजार दिसू लागला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला 'स्लिम' म्हणायला सुरुवात केली. स्लिम म्हणजे सडपातळ. १९८५ साली डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याच नावाने त्यावर लेख लिहिला. तो एड्स होता.

शब्दांच्या मागे लागलेला माणूस म्हणून मला याची गंमत वाटते. डॉक्टरांना जंतू किंवा विषाणू सापडतो त्याच्या कितीतरी आधी लोकांना उतरलेलं वजन दिसलेलं असतं. सैल झालेला सदरा, बोटातून निसटणारी अंगठी, वर आलेली गळ्याची हाडं. निदान चुकेल, पण नाव चुकत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा, भंडारा जिल्ह्यात आयुष्य काढलेला माणूस आहे. पण एका प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. एचआयव्हीवर औषध निघालं, ते फुकट मिळू लागलं, माणसाने ते वेळेवर घेतलं, आणि तरीही वाळलेली माणसं औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच का गेली? या प्रश्नाचा इतिहास एड्सपेक्षा जुना आहे. म्हणून थोडं मागे जाऊ.

क्षयावर औषध नव्हतं तेव्हा अन्न हेच औषध होतं. हवा, विश्रांती, दूध, अंडी, लोणी. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली 'बेल एअर' हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. ज्यांना परवडे ते अशा ठिकाणी महिनोन्‌महिने राहत. बाकीचे घरी खोकत राहत. पुढे हे आरोग्यधाम रेडक्रॉसकडे गेलं आणि एड्सचा काळ आला तेव्हा तिथे एचआयव्हीचे रुग्ण दाखल होऊ लागले. एकाच इमारतीत झिजण्याच्या दोन पिढ्या राहून गेल्या.

क्षयावरची औषधं आली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. मग प्रश्न उभा राहिला की या गरीब देशाने आता आरोग्यधामं बांधायची की नुसत्या गोळ्या वाटायच्या? १९५६ साली मद्रासमध्ये याची कसोटी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तिथे केंद्र काढलं. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि चांगलं जेवण. दुसरा गट आपापल्या घरात. तीच दाटी, तेच काम आणि तेच अर्धपोटी जेवण. औषध मात्र दोघांना एकच, वर्षभर.

वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. आरोग्यधामातल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, पण बरं होण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. घरातल्या इतरांनाही जास्त लागण झालेली दिसली नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरातल्या आरोग्यधामांचे दिवस भरले. गरिबालाही घरच्या घरी बरं होता येतं, हे मद्रासने सिद्ध केलं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही, कारण त्यामुळे लाखो जीव वाचले.

पण सरकारी कचेऱ्यांमध्ये या निष्कर्षाचा एक सोयीचा अर्थ लावला गेला, की गोळी पुरे, जेवणाचं आपण बघायचं कारण नाही. मद्रासच्या डॉक्टरांनी असं म्हटलं नव्हतं. चांगलं औषध नीट घेतलं तर भुकेल्या माणसाचा क्षयही बरा होतो, एवढंच ते म्हणाले होते. भूक निरुपद्रवी आहे, असं त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता एड्सकडे येऊ. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी ती केली. महाराष्ट्र लवकरच सर्वाधिक लागण असलेल्या सहा राज्यांमध्ये गणला जाऊ लागला. आमचा भंडारा तेव्हा धान, पितळेची भांडी, तलाव आणि विड्यांसाठी ओळखला जाई. गोंदिया वेगळा व्हायचा होता, तो १९९९ साली झाला. पण मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. ट्रकवर जाणारी, शहरात मजुरीला जाणारी माणसं आमच्याकडे गावोगाव होती. १९९०च्या दशकात त्यातली काही परत आली ती वाळून. गावात कुजबुज होई, नाव कोणी घेत नसे. कविसंमेलनांत आम्ही तेव्हा दुष्काळावर, दंगलींवर लिहीत होतो. या आजारावर कोणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

१९९६ सालापर्यंत तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो, हे जगाला कळलं होतं. पण त्या उपचाराला माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत द्यायची तयारी जाहीर केली. तिन्ही औषधं एकाच गोळीत. हे शक्य झालं, कारण १९७०च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी दिलेली नव्हती. कोणी वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवलं तर तो गुन्हा नव्हता. एका जुन्या कायद्याने आफ्रिकेतली किती माणसं जगवली, याचा हिशेब शाळेच्या पुस्तकात यायला हवा होता.

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने हे औषध मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात देशभरात आठ रुग्णालयं होती, त्यात मुंबईचं जे.जे. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई सुमारे नऊशे किलोमीटर. चालताना धाप लागणाऱ्या माणसाला हे अंतर किती होतं, ते वेगळं सांगायला नको. पुढे नागपूर आलं, मग हळूहळू जिल्ह्याची ठिकाणं.

त्यात आणखी एक मेख होती. औषध सगळ्यांना मिळत नव्हतं. रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात, त्या शरीराच्या पहारेकरी. निरोगी माणसात त्या साधारण पाचशेच्या वर असतात. सुरुवातीचा नियम असा की त्या दोनशेच्या खाली गेल्या किंवा आजार अगदी बळावला, तरच औषध सुरू करायचं. पैसा थोडा आणि रुग्ण जास्त, म्हणून जो सर्वांत आजारी त्याला आधी, हा त्यामागचा विचार. कागदावर तो न्यायाचाच वाटतो. प्रत्यक्षात वाळायच्या आधी तुम्ही दारात उभे राहिलात तर परत पाठवले जात होता.

माझा एक वर्गमित्र ट्रक चालवायचा. गावाचं नाव सांगत नाही. २००६ साली त्याचं औषध सुरू झालं तेव्हा तो काठीसारखा झाला होता. पहिले दहा दिवस त्याला बरं वाटलं, भूक लागू लागली. घरच्यांनी हौसेने मटण केलं, साजूक तूप आणलं. मग ताप चढला, मानेच्या गाठी सुजल्या, दम लागू लागला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो गेला. दफनविधी असो की अंत्यसंस्कार, आमच्याकडे माणसं परतताना बोलतात. त्या दिवशी सगळे एकच बोलत होते की औषध त्याला गरम पडलं. त्याची बायको मला म्हणाली, "त्या गोळ्याईनच नेलं जी त्याईले." तिच्या रक्तातही विषाणू होता. तिने पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही असं सांगितलं. आजूबाजूच्या गावांत आणखी दोघांनी चालू असलेलं औषध बंद केलं, असं नंतर कानावर आलं.

या बोलण्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. लोकांनी जे पाहिलं ते खरंच होतं. गोळी सुरू झाली आणि माणूस गेला. कारण तेवढं दुसरं होतं.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, आफ्रिकेतल्या मलावी देशातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थ्योलो जिल्ह्यात औषध सुरू केलेल्या १,५०७ जणांची नोंद होती. त्यातले १९० दगावले आणि त्या १९० पैकी ११६ पहिल्या तीन महिन्यांतच. फार वाळलेल्यांना या तीन महिन्यांत मरणाचा धोका धडधाकट वजनाच्या माणसांपेक्षा सहापट होता. वाळलेला कोण, हे ठरवायचं एक माप आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उत्तर साडेअठराच्या खाली आलं तर माणूस कृश, सोळाच्या खाली आलं तर अतिकृश. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन पन्नास किलो असेल तर तो सीमेवर, साडेत्रेचाळीस असेल तर खाईच्या तोंडाशी. आमच्या रोवणीच्या हंगामात बांधीत वाकलेली माणसं मोजली तर या सीमेवर किती निघतील!

मग हे मरण येतं कुठून? डॉक्टर मंडळींकडून मी जे समजून घेतलं ते असं. वाळलेल्या रुग्णाच्या अंगात बहुधा दुसरा आजार दडलेला असतो, आपल्याकडे मुख्यतः क्षय. पहारेकरी मेलेले असतात तोवर घरात चोर असल्याचा गवगवा होत नाही. औषधाने पहारेकरी परत उभे राहतात, त्यांना चोर दिसतो आणि घरातच झुंज पेटते. ताप येतो, गाठी सुजतात. माझ्या मित्राचं हेच झालं असावं. शिवाय झिजलेल्या शरीरात झुंज सोसायला शिल्लकच नसते. स्नायू वितळलेले, रक्त पातळ. त्या काळच्या औषधांपैकी झिडोव्हुडिनने रक्त आणखी कमी होई, म्हणून आधीच रक्त कमी असलेल्यांना स्टॅव्हुडिन देत. त्याने हातापायांना मुंग्या येत आणि कालांतराने गाल बसत. म्हणजे औषधानेही तोंड वाळल्यासारखंच दिसे. हे औषध नंतर मागे घेतलं गेलं.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि ती जरा उलटी आहे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपेट खाऊ घातलं तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने खाली येतात आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९४५ मध्ये, बर्गन-बेल्झनची नाझी छळछावणी मुक्त झाली. त्यानंतरही तिथली हजारो माणसं मेली. बहुतेक टायफस आणि उपासमारीने, पण काही सैनिकांनी प्रेमाने दिलेल्या डबाबंद मांसानेही. तिथे मग बंगालच्या १९४३च्या दुष्काळात वापरलेल्या मिश्रणाच्या धर्तीवर पातळ, गोड खाद्य देऊन पाहिलं. युरोपातल्या माणसांना ते फार गोड लागलं, तो भाग वेगळा. आमच्या आयाबाया तापातून उठलेल्याला आधी तांदळाची पेज देतात, मग मऊ भात, मग डाळ. तूप शेवटी. हे शहाणपण त्यांनी दुष्काळातच कमावलेलं असणार.

मग वाटेल, औषधाबरोबर पौष्टिक खाद्य बेताबेताने दिलं की झालं. ते करून पाहिलं गेलं. झांबिया आणि टांझानियात १,८१५ कृश रुग्णांना औषध सुरू होण्याच्या वेळी शेंगदाण्याच्या लगद्यासारखं खाद्य आधी थोडं, मग जास्त असं दिलं. अर्ध्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वं आणि क्षार भरपूर घातले होते. २०१५ साली निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांतलं मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. केनिया, युगांडा, मलावी, झिम्बाब्वे या चार देशांत १,८०५ रुग्णांवर आणखी एक प्रयोग झाला. पूरक खाद्याने तिथेही मरण टळलं नाही. पण त्याच प्रयोगात काही रुग्णांना क्षय, बुरशी आणि इतर दडलेल्या आजारांवरची औषधं पहिल्या दिवसापासून दिली होती. त्यांच्यात सहा महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात बारावरून नऊवर आलं.

हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होतो. अन्नाची बाजू हरली असं वाटलं. मग मनाशी उलगडा झाला तो असा. या प्रयोगांत अन्न आलं ते अगदी शेवटी, माणूस पार झिजल्यावर. विहीर कोसळल्यावर कठडा बांधण्याचाच तो प्रकार. वाळणं हे नुसत्या भुकेचं चिन्ह नसतं. उशीर झाल्याचंही ते चिन्ह असतं. भुकेचा हिशेब आधीच्या दहा-वीस वर्षांचा असतो. आमच्या जिल्ह्यात तांदूळ पिकतो, पण मजुराच्या ताटात भात जास्त आणि डाळ कमी. धान कापल्यावर त्याच बांधीत निघणारी लाखोळी ही गरिबाची डाळ, तर तिच्या विक्रीवरही १९६१ साली बंदी आली, कारण नुसती तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईच्या वाट्याला शेवटचं वाढप येतं. अशा शरीराकडे रोग येतो तेव्हा तिजोरी आधीच रिकामी असते.

अन्न वेळेवर आलं तर काय होतं, हेही आता दिसलं आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्णांना डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी महिन्याला दहा किलोचा शिधा दिला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. दहातले आठ रुग्ण कृश होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. केवळ शिध्याने इतका फरक पडला असं यावरून छातीठोक म्हणता येणार नाही, बरा होणाऱ्याचं वजन वाढतंच. पण पुढचा भाग पक्का आहे. निम्म्या घरांत रुग्णाबरोबर बाकीच्या प्रत्येकाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांतल्या माणसांना नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. मद्रासनंतर साठ-पासष्ट वर्षांनी जेवणाचं ताट पुन्हा दवाखान्याच्या कागदावर आलं. २०१८ पासून सरकार क्षयरुग्णाला आहारासाठी महिना पाचशे रुपये देऊ लागलं आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले.

एचआयव्हीच्या बाबतीतही कागद हलले. २००९ साली दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांना अंत्योदय शिधापत्रिका प्राधान्याने द्यावी, असं केंद्राने कळवलं. पण रेशनच्या दुकानदारासमोर कोणत्या तोंडाने सांगायचं की मला हे धान्य कशासाठी मिळतं? खेड्यात दुकानदार म्हणजे शेजारीच. २०१७च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं, ते योग्यच झालं. कुजबुज थांबवणारा कायदा मात्र अजून कुणाला लिहिता आलेला नाही.

एका रमजानमध्ये एक तरुण मला मशिदीबाहेर गाठून हळूच विचारून गेला, "चाचा, गोळी रात्री घेतली तर रोजा चालेल ना?" मी म्हटलं, आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे. आधी डॉक्टरला विचार आणि वजन बघ. वजन उतरत असेल तर रोजे नंतर भरून काढ.

औषध कधी सुरू करायचं याची रेघ दोनशेवरून साडेतीनशेवर, मग पाचशेवर सरकली आणि २०१७ साली पुसली गेली. आता लागण कळली की सीडी-फोर कितीही असो, औषध सुरू होतं. वाळायची वाट पाहावी लागत नाही. डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध सोसायला सोपं आहे. त्याने उलट काहींचं वजन वाढतं. तरीही लाजेने, भीतीने उशिरा येणारे आहेतच, आणि पहिल्या तीन महिन्यांचा धोका आजही त्यांनाच आहे. म्हणून गोळी घेतल्यावर ताप आला, गाठ सुजली, तर गोळी बंद न करता त्याच दिवशी केंद्रावर जायचं. हे वाक्य माझ्या मित्राच्या घरी २००६ साली कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच्या बायकोचं मन वळवायला पाच वर्षं लागली. माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही. तालुक्याच्या गावी राहणारी, स्वतः तेच औषध घेणारी एक बाई महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे येऊन बसायची. आली की भाकर खाऊन जायची आणि आपलं वजन सांगायची, बस्स. २०११ साली दोघी मिळून केंद्रावर गेल्या. तिची रेघ तेव्हा नुकतीच ओलांडली होती, वजन ४४ किलो होतं. आधी तिच्या क्षयाची तपासणी झाली, मग गोळ्या. पहिले तीन महिने ती रोज सकाळी दारासमोर उभी राहून आपला ताप हाताने पाहायची. यंदा आषाढात मी गेलो तेव्हा ती रोवणीला गेलेली होती. संध्याकाळी परतली, पाय धुतले, चुलीवर भात ठेवला. वजन विचारलं तर म्हणाली, "बावन भरलं जी भाऊ, आता लुगडं तोकडं पडते."